बरोक काळातले संगीतकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीत नुकतंच ऐकायला लागलेल्या मराठी श्रोत्यांकडून, आणि मुलांना पियानो-व्हायोलिनच्या शिकवणीला घालणाऱ्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बरोक म्हणजे नक्की कोणत्या वर्षांचं संगीत? आणि ही वर्षं ठरवली कोणी?

साधारण १६०० ते १७५०. आपल्याकडे तुकोबांपासून नानासाहेब पेशव्यांपर्यंतचा हा काळ.

सुरुवातीचं टोक ऑपेराच्या जन्माशी बांधलेलं आहे. फ्लोरेन्समध्ये १६०० साली याकोपो पेरीचा 'युरिडिचे' झाला आणि १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात क्लाउडिओ मॉन्टेव्हर्डीचा 'ऑर्फेओ'. तोवर चार-पाच आवाज एकमेकांत गुंफून गाण्याची रीत होती. आता एक गायक पुढे आला, त्याचे शब्द स्पष्ट कानावर पडू लागले आणि खाली आधाराला मोजके सूर राहिले. हा बदल खरा होता आणि त्या काळातल्या लोकांनाही तो जाणवला होता. १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं, आणि दरबारातली ही कला शहरातल्या लोकांची झाली.

१७५० हे दुसरं टोक मात्र निव्वळ सोयीसाठी धरलेलं आहे. त्या वर्षी योहान सेबास्टियन बाख गेला, एवढंच. हँडल १७५९ पर्यंत होता, रामो १७६४ पर्यंत, टेलिमान १७६७ पर्यंत. आणि बाखच्या हयातीतच त्याची मुलं नव्या, हलक्या धाटणीचं लिहायला लागली होती. यांतल्या कुणीही स्वतःला 'बरोक संगीतकार' म्हणवून घेतलं नव्हतं. संगीताला ते नाव सर्रास लावलं गेलं ते विसाव्या शतकात.

२. मोझार्ट आणि बीथोव्हेन बरोकच ना? टायटनच्या जाहिरातीतली धून बरोक आहे का?

नाही. टायटनची धून मोझार्टच्या २५व्या सिंफनीतली, १७७३ सालची. मोझार्टचा जन्मच १७५६ चा. तो आणि बीथोव्हेन पुढच्या पिढ्यांतले. गोंधळ होतो कारण 'क्लासिकल' हा शब्द या सगळ्याच संगीताला लावतात आणि शिवाय १७५० नंतरच्या पन्नास-साठ वर्षांच्या शैलीलाही तेच नाव आहे.

धागा तुटला होता असं मात्र नाही. १७८२ पासून व्हिएन्नात बॅरन व्हान स्वीटेन यांच्याकडे मोझार्टने बाख आणि हँडलच्या हस्तलिखितांचा मन लावून अभ्यास केला, आणि १७८९ मध्ये हँडलच्या 'मसाया' या गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या धार्मिक रचनेची आपल्या काळच्या वाद्यवृंदासाठी नव्याने मांडणी केली. बीथोव्हेन लहानपणी बाखचे प्रिल्यूड (सुरुवातीची मोकळी रचना) आणि फ्यूग (एकच चाल एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते ती रचना) वाजवूनच तयार झाला.

खरोखर बरोक असलेली ओळखीची धून हवी असेल तर फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचं गीत ऐका. ते १९९२ मध्ये हँडलच्या 'झेडॉक द प्रीस्ट' या राज्याभिषेक-गीतावरून बेतलं. मूळ रचना १७२७ ची, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात ती गायली गेली आहे.

३. एखादी रचना बरोक आहे हे नुसतं ऐकून कसं ओळखायचं?

वरची चाल सोडा, खालचा सूर ऐका. माझं सगळ्या नव्या श्रोत्यांना हेच सांगणं असतं, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बरोक संगीतात खर्जातली ओळ सहसा थांबत नाही. चेलो ती वाजवत राहतो आणि तिच्यावर हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य), ऑर्गन किंवा लांब मानेचं थिऑर्बो हे तंतुवाद्य स्वरसंगती भरत जातं. या जोडीला बासो कंटिन्युओ म्हणतात. पाखेलबेलचा 'कॅनन' घ्या. खाली आठच सूर आहेत, आणि ते २८ वेळा जसेच्या तसे येतात. वर तीन व्हायोलिनं एकामागून एक तीच चाल घेऊन शिरतात. पहिल्यांदा फक्त ते आठ सूर धरून शेवटपर्यंत जा; दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा वरचं सगळं उलगडलेलं असेल.

दुसरी खूण भावनेची. बरोक रचनेचा एक भाग बहुतेक वेळा एकच भाव धरून चालतो. दुःख तर अखेरपर्यंत दुःख, उल्हास तर उल्हास. मोझार्टमध्ये एकाच भागात तीनदा मन पालटतं, तसं इथे क्वचित होतं. तिसरी खूण नादाची: हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, तिच्यावर हातोडी पडत नाही. म्हणून तो चमकदार, बारीक, लगेच विरणारा आवाज.

४. सुरुवात कोणापासून करू?

यादी मोठी देत नाही. विवाल्दीच्या 'फोर सीझन्स'मधला 'उन्हाळा'. पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस'मधला डायडोचा शेवटचा विलाप. कोरेलीचा ख्रिसमस कॉन्सर्टो (कॉन्सर्टो म्हणजे एक किंवा अधिक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांची रचना). बाखचा तिसरा ब्रँडेनबर्ग कॉन्सर्टो. हँडलच्या 'रिनाल्डो'मधलं 'लाश्या किओ पियांगा'. पाचही मिळून तासाभरात आटोपतात.

डायडोचा विलाप शांतपणे, एकट्याने ऐका. तोही प्रश्न ३ मधल्यासारखा खाली पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरांवर उभा आहे. पण इथे ते सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जातात, आणि गाणारीची ओळ त्या आवर्तनाच्या टप्प्यांवर न थांबता पुढे ओढली जाते. इंग्रजी भाषेत याहून हृदयाला भिडणारं ऑपेरा-गान मला माहीत नाही. पर्सेल १६९५ मध्ये गेला, वयाच्या जेमतेम छत्तिसाव्या वर्षी.

५. बाखला सगळ्यांत मोठा का मानतात? तो हयातीत प्रसिद्ध होता का?

प्रसिद्ध होता, पण ऑर्गनवादक म्हणून, आणि नवा ऑर्गन तपासायला बोलवावा असा जाणकार म्हणून. संगीतकार म्हणून त्याचं नाव टेलिमान किंवा हँडलच्या जवळपासही नव्हतं.

१६८५ मध्ये आयझेनाखला जन्म, वाजवणाऱ्यांच्या घराण्यात. आयुष्यभर नोकरी: आर्नश्टाट, म्यूलहाउझेन, वायमार, क्योथेन आणि १७२३ पासून मरेपर्यंत लाइपझिग. वायमार सोडायचा हट्ट धरला म्हणून तिथल्या ड्यूकने १७१७ मध्ये त्याला जवळपास महिनाभर कैदेत ठेवलं. लाइपझिगच्या नगरपरिषदेची पहिली पसंती टेलिमान होता, नंतर ग्राउप्नर. दोघं आले नाहीत म्हणून बाखला जागा मिळाली. काम काय होतं? शाळेतल्या मुलांना गाणं शिकवणं आणि शहरातल्या मुख्य चर्चांसाठी संगीत पुरवणं. पहिल्या काही वर्षांत त्याने जवळजवळ दर आठवड्याला एक नवा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, लिहिला. घरातली माणसं आणि विद्यार्थी बसून प्रत्येक वादकाची प्रत उतरवत, आणि रविवारी ते सादर होई. आज सुमारे २०० चर्च-कँटाटा उरले आहेत, आणि बरेच हरवले आहेत.

मोठेपण कशात? एकाच वेळी चार आवाज चालू असताना त्यांतला प्रत्येक आवाज स्वतः गाण्यासारखा असणं, आणि चौघांच्या मिळून होणाऱ्या स्वरसंगतीतही पुढे जायची ओढ असणं, या दोन्ही गोष्टी त्याच्याइतक्या कुणाला साधल्या नाहीत. 'मॅथ्यू पॅशन' या ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरच्या रचनेतलं पहिलं समूहगान ऐकताना दोन वाद्यवृंद, दोन गायकवृंद आणि वर मुलांच्या आवाजातलं भजन, हे सगळं एकत्र येतं तरी काहीच गढूळ होत नाही.

पण त्याचं आजचं स्थान पुढच्या पिढ्यांनी मिळवून दिलं, हे विसरू नये. १८०२ मध्ये फोर्केलने त्याचं चरित्र लिहिलं. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने बर्लिनमध्ये 'मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभा केला. १८५० मध्ये समग्र बाख छापायला संस्था निघाली आणि ते काम शतक संपेपर्यंत चाललं. चेलोचे सहा स्वीट (नृत्यरचनांच्या माला) तर विसाव्या शतकात पाब्लो कासाल्सने मैफलीत आणेपर्यंत बहुतेकांना सरावापुरतेच वाटत होते.

६. बाख आणि हँडल एकाच वर्षी, जवळच्याच गावांत जन्मले. ते कधी भेटले का?

कधीच नाही. १७१९ मध्ये हँडल हालेला घरी आल्याचं कळताच बाख क्योथेनहून तिकडे गेला, पण तोवर हँडल निघून गेला होता. दोघांना जोडणारी एक दुःखद गोष्ट आहे: जॉन टेलर नावाच्या एकाच फिरत्या नेत्रवैद्याने दोघांच्याही डोळ्यांवर उपचार केले, आणि दोघांचीही दृष्टी गेली.

त्याच १६८५ साली नेपल्सला दोमेनिको स्कार्लात्तीही जन्मला. पोर्तुगालच्या राजकन्येचा शिक्षक म्हणून तो तिच्यामागे स्पेनला गेला आणि तिच्यासाठी हार्पसिकॉर्डच्या ५५५ सोनाटा (एकट्या वाद्यासाठीच्या छोट्या रचना) मागे ठेवून गेला. त्या सोनाटांत गिटारचे झणत्कार ऐकू येतात. त्याच्याकडे श्रोत्यांचं दुर्लक्ष होतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

७. विवाल्दीचे सगळे कॉन्सर्टो सारखेच वाटतात. मग त्याचं एवढं महत्त्व का?

सलग दहा ऐकलेत तर तसं वाटेल. ते सलग ऐकण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. विवाल्दी धर्मगुरू होता, आणि १७०३ पासून व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवत होता. तिथल्या मुली जाळीच्या आडून वाजवत आणि युरोपभरचे प्रवासी ऐकायला येत. एकेका वाजवणारीचं कौशल्य खुलावं म्हणून कॉन्सर्टो लागत, आणि त्याने सुमारे ५०० लिहिले.

जलद, संथ, जलद असे तीन भाग, आणि समूहाची ठरावीक ओळ परत परत येते, मधल्या जागा एकट्या वादकाच्या: हा साचा त्याच्या हातून पक्का झाला. १७११ मध्ये छापलेल्या त्याच्या संग्रहातले कॉन्सर्टो बाखने स्वतःच्या हाताने ऑर्गन-हार्पसिकॉर्डसाठी उतरवले. चार व्हायोलिनांच्या एकाचं त्याने चार हार्पसिकॉर्डसाठी रूप केलं. बाख त्यातून शिकला, याहून मोठी पावती कोणती?

'फोर सीझन्स' १७२५ मध्ये अॅमस्टरडॅमला छापले गेले, सोबत चार सुनीतं होती. वसंताच्या संथ भागात झोपलेला गुराखी व्हायोलिनवर आहे आणि व्हिओला कुत्र्यासारखी भुंकते, हे स्वरलिपीतच लिहून ठेवलं आहे. १७४१ मध्ये विवाल्दी व्हिएन्नात गरिबीत वारला आणि विसरला गेला. १९२० च्या दशकात त्याच्या हस्तलिखितांचे मोठे गठ्ठे सापडले आणि दात्यांच्या मदतीने तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आले, तेव्हा तो परत उभा राहिला. बाखला शंभर वर्षं आधी मिळालं ते याला असं उशिरा मिळालं.

८. फ्रान्सचं काय? तिकडचं संगीत वेगळं का वाटतं?

कारण ते नाचातून आलं आहे. चौदाव्या लुईला नृत्याचं वेड होतं, आणि १६७२ पासून फ्रेंच ऑपेराचा एकाधिकार झां-बातिस्त लुलीकडे होता. हा मूळचा फ्लोरेन्सचा. राजा बरा झाला म्हणून केलेल्या सादरीकरणात ताल देण्याची काठी त्याच्या स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली, आणि १६८७ मध्ये तो गेला. पुढे कुपेरँने हार्पसिकॉर्डसाठी नाजूक चित्रांसारख्या रचना केल्या. रामोने १७२२ मध्ये स्वरसंगतीचं शास्त्र मांडलं. आज विद्यार्थी जे 'कॉर्ड' आणि त्यांची उलटापालट शिकतात, त्या मांडणीचं मूळ तिथे आहे. त्याचा पहिला ऑपेरा आला १७३३ मध्ये, तो पन्नाशीत असताना.

९. या काळात स्त्रिया संगीत रचत नव्हत्या का?

रचत होत्या, छापतही होत्या. फ्रान्चेस्का काच्चिनीचा ऑपेरा १६२५ मध्ये फ्लोरेन्सला झाला. व्हेनिसच्या बार्बारा स्त्रोत्सीने एकल गायनाचे कँटाटा इतक्या संख्येने प्रसिद्ध केले, की तिच्या पिढीतले फार थोडे पुरुष तिच्या बरोबरीला येतात. पॅरिसला एलिझाबेथ जाके द ला गेर राजाश्रयाने वाढली. त्यांना चर्चमधल्या किंवा दरबारातल्या प्रमुखाच्या जागा मिळत नसत, आणि पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या जागा पाहूनच नावं निवडली. स्त्रोत्सीपासून ऐकायला सुरुवात करा. वाजवणाऱ्या मुलींबद्दल प्रश्न ७ पाहा.

१०. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला वाटतं, यांचं सगळं लिहूनच ठेवलेलं. मग कलाकाराला वाव काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बरोकच्या बाबतीत त्याचं उत्तर बहुतेकांना चकित करतं. वाव भरपूर आहे.

प्रश्न ३ मधल्या कंटिन्युओत संगीतकार फक्त खालची ओळ लिहितो, आणि काही ठिकाणी आकडे. त्या आकड्यांवरून कोणते स्वर भरायचे, किती भरायचे, कधी हात आखडता घ्यायचा, हे वाजवणारा तिथल्या तिथे ठरवतो. दुसरी जागा दा कापो गीताची. त्यात पहिला भाग, मग वेगळा दुसरा भाग, मग पहिला पुन्हा, अशी रचना असते. पुन्हा येतो तेव्हा तो तसाच गाणं म्हणजे नापास होणं. बंदिशीची स्थायी परत घेताना गायक जशी नवी जागा दाखवतो, तशी अपेक्षा असते. 'लाश्या किओ पियांगा' दोन वेगवेगळ्या गायिकांचं ऐका आणि फक्त तिसऱ्या भागाची तुलना करा. कोरेलीच्या व्हायोलिन सोनाटांच्या संथ भागांत कागदावर मोजके लांब सूर दिसतात; ते मांडवासारखे आहेत, वेल वादकाने चढवायचा.

शिवाय हे लोक स्वतः आयत्या वेळी रचणारे होते. १७४७ मध्ये पॉट्सडामला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने बाखला एक चाल दिली आणि त्याने तिथेच तीन आवाजांचा फ्यूग वाजवला.

११. मुलीच्या पियानोच्या पुस्तकात 'बाखचा मिन्युएट इन जी' आहे. बाई म्हणतात तो बाखचा नाही. खरं काय?

बाईंचं बरोबर आहे. बाखच्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या वहीत तो उतरवलेला होता म्हणून त्याच्या नावावर गेला. रचना ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्टची आहे. जुन्या पुस्तकांत अजून बाखचं नाव असतं.

अशी आणखी उदाहरणं आहेत. 'अल्बिनोनीचा अदाजिओ' १९५८ मध्ये रेमो जात्सोत्तोने प्रसिद्ध केला. तो जात्सोत्तोचाच मानला जातो. 'काच्चिनीचा आवे मारिया' विसाव्या शतकात रशियात व्लादिमीर वाविलोवने रचला. विवाल्दीच्या नावावरचा 'इल पास्तोर फिदो' हा संग्रह निकोला शेदव्हिलचा. 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' बाखचाच, पण त्याने ती ओळ एका तारेवर वाजवायला सांगितली नव्हती. तो एकोणिसाव्या शतकातल्या विल्हेल्मीचा बदल. ऑर्गनच्या गाजलेल्या 'टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर'बद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. रचना चांगली असेल तर मुलीने ती जरूर वाजवावी. पेट्झोल्टचं नाव वहीत लिहायला सांगा, त्याचा तेवढा हक्क आहे.

१२. पियानोवर बाख वाजवणं चुकीचं आहे का?

नाही. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने फ्लोरेन्सला १७०० च्या सुमारास पियानो बनवला, म्हणजे बाखच्या तरुणपणीच. उतारवयात बाखने जर्मन पियानो वाजवलेही. लिहिलं मात्र मुख्यतः हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड आणि ऑर्गनसाठी. पियानोवर सस्टेन पेडल जपून वापरलं, की चारही आवाज वेगळे ऐकू येतात. तेवढं सांभाळलं तर माझी तक्रार नाही.

१३. एकच रचना दोन ध्वनिमुद्रणांत वेगळ्या पट्टीत का ऐकू येते?

आज 'ए' म्हणजे ४४० हर्ट्झ, पेटीवरची पांढरी सहा. जुन्या पद्धतीची वाद्यं वाजवणारे वृंद बहुधा ४१५ धरतात, म्हणजे साधारण काळी चार. फ्रेंच संगीतासाठी कित्येकदा ३९२, पांढरी पाच. बरोक काळात गावोगावी पट्टी वेगळी होती. जर्मन चर्चमधले ऑर्गन तर आजच्याहून उंच असत. ४१५ ही आजच्या वादकांनी ठरवलेली तडजोड आहे.

१४. हँडल दुसऱ्यांचं संगीत चोरायचा असं वाचलं. बाखही करायचा का?

हँडलने दुसऱ्यांच्या रचना वापरल्या हे खरं आहे. १७३९ च्या 'इस्राएल इन इजिप्ट'मध्ये स्त्रादेल्ला आणि एर्बाचे मोठे तुकडे आहेत. त्या काळातही यावर कुजबुज होती. पण घेतलेल्या गोष्टीचं तो काय करतो ते पाहा. १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहिलेल्या 'मसाया'त 'फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न' हे समूहगान आहे. त्याची चाल हँडलच्याच, त्याच उन्हाळ्यातल्या एका इटालियन प्रेमाच्या युगलगीतातली. प्रेमावर विश्वास नाकारणारे सूर बाळाच्या जन्माच्या आनंदात गेले आणि तिथलेच वाटले.

बाख मुख्यतः स्वतःचंच पुन्हा वापरायचा. १७३४ च्या 'ख्रिसमस ऑरॅटोरिओ'तली काही समूहगानं राजघराण्याच्या वाढदिवसांच्या कँटाटांतून आली आहेत. वाढदिवस एकदाच होतो, नाताळ दरवर्षी. चांगलं संगीत वाया जाऊ नये हा साधा विचार.

१५. ऑपेरात नायकाची भूमिका बाई किंवा उंच आवाजाचा पुरुष का गातो?

कारण मूळ भूमिका कास्त्रातींसाठी होत्या. लहानपणी शस्त्रक्रिया केल्यामुळे त्यांचा आवाज फुटत नसे. फारिनेल्ली हा त्यांतला सर्वांत ख्यातनाम. ती प्रथा क्रूर होती आणि सुदैवाने संपली. आज त्या भूमिका काउंटरटेनर (उंच आवाजाचे पुरुष) किंवा मेझो-सोप्रानो (मध्यम उंचीच्या आवाजाच्या गायिका) गातात.

१६. हे संगीत आपल्याकडे प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

गोव्याशी नातं जुनं आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत आले. सेबॅस्टियन डिसोझांच्या संयोजनात मुख्य चालीमागे व्हायोलिनांची स्वतंत्र ओळ चालते, ती या शिक्षणाची देणगी आहे.

जुन्या गोव्यात डोंगरावरच्या माउंट चॅपलमध्ये मॉन्टे संगीत महोत्सव होतो. त्या वास्तूचा घुमारा या संगीताला फार शोभतो. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ मध्ये स्थापन झालेला. नाताळच्या आसपास मुंबई-पुण्यातल्या चर्चमधले गायकवृंद 'मसाया'तली समूहगानं गातात.

१७. रचनेपुढे बीडब्ल्यूव्ही, आरव्ही, के असं काय लिहिलेलं असतं?

सूचीतले क्रमांक. बीडब्ल्यूव्ही बाखचे, वोल्फगांग श्मीडरने १९५० मध्ये केलेले. ते कालक्रमाने नाहीत, प्रकारानुसार आहेत. त्यामुळे बीडब्ल्यूव्ही १ म्हणजे पहिली रचना नव्हे. एचडब्ल्यूव्ही हँडलचे, आरव्ही विवाल्दीचे, पेटर र्यूमच्या सूचीतले.

'के'पाशी सावध राहा. मोझार्टचा 'के' क्योखेलचा, स्कार्लात्तीचा 'के' कर्कपॅट्रिकचा. त्यामुळे के ५४५ शोधाल तर मोझार्टची सोपी म्हणून ओळखली जाणारी सोनाटाही मिळेल आणि स्कार्लात्तीची एक सोनाटाही. शोधताना आडनाव घालायला विसरू नका.